पहिल्या पानाचे मानकरी

शोधयंत्राला प्रश्न विचारला की जे संकेतस्थळ सगळ्यात वर येतं ते सगळ्यात जाणकार असणार, अशी आपली समजूत आहे. ती इतकी घट्ट आहे की ‘गुगलवर आलंय’ हे वाक्य हल्ली ‘पेपरात आलंय’च्या जागी बसलं आहे, आणि त्यापुढे वाद घालायची घरात कोणाची प्राज्ञा नसते. पण वरच्या सातआठ निकालांकडे जरा थंड डोक्याने पाहिलं तर तिथली मंडळी ठरलेली असतात. एक विकिपीडिया असतो. दोनतीन मोठ्या वर्तमानपत्रांची किंवा वाहिन्यांची पानं असतात. यूट्यूबचा एखादा व्हिडिओ मध्येच तोंड वर काढून बसलेला असतो. रेडिट किंवा क्वोरावरच्या गप्पा असतात. उरलेल्या जागा ‘संपूर्ण माहिती मराठीत’ या आडनावाच्या कुटुंबाने अडवलेल्या असतात. प्रश्न मधुमेहाचा असो, मकरसंक्रांतीचा असो की मोबाइलच्या चार्जरचा, मंडळी तीच. एकाच माणसाला इतक्या विषयांतलं कळतं म्हटल्यावर एरवी आपण त्याच्यापासून चार हात लांब राहिलो असतो.

यात यंत्राला सगळा दोष देता येत नाही. अब्जावधी पानांतलं कुठलं खरं आणि कुठली थाप, हे पानाकडे बघून ओळखण्याची विद्या त्याच्याकडे नव्हती, आणि आज ती आहे असं म्हणायलाही छातीच लागेल. सुरुवातीची शोधयंत्रं बापडी मुख्यतः शब्द मोजत. १९९५ साली आलेलं अल्टाव्हिस्टा त्यांतलं नावाजलेलं. विचारलेला शब्द ज्या पानावर ठळकपणे आणि वारंवार, ते पान वर, असा साधा व्यवहार. साहजिकच पानवाल्यांनी तोच शब्द पानाच्या तळाशी शेकडो वेळा लिहायला सुरुवात केली; तोही पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत, म्हणजे माणसाला दिसू नये आणि यंत्राच्या नजरेतून सुटू नये. संकेतस्थळांच्या लबाडीचा इतिहास इथून सुरू होतो. पुढच्या तीस वर्षांत त्यात फक्त रंग बदलले.

हा घोळ निस्तरायला स्टॅनफर्ड विद्यापीठातले लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन हे दोन संशोधक विद्यार्थी पुढे झाले. त्यांच्या यंत्राचं पहिलं नाव ‘बॅकरब’. १९९८ साली कंपनी निघाली तोवर ते गुगल झालं होतं. युक्ती त्यांनी विद्यापीठातूनच उचलली. तिथे एखाद्या शोधनिबंधाचं वजन त्याचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला यावरून धरतात. तसं पानाचं वजन त्याच्याकडे आलेल्या दुव्यांवरून धरायचं. शिवाय सगळे दुवे सारखे नाहीत. ज्याला मोठी पानं दुवा देतात ते मोठं, आणि मोठं झालेलं पान ज्याला दुवा देईल तेही मग मोठं. या हिशेबाला ‘पेजरँक’ असं नाव पडलं. गणित अवघड आहे, पण तत्त्व कळायला मराठी माणसाला गणित लागत नाही. त्याने लग्नातला मानपान पाहिलेला असतो. मांडवात पुढच्या खुर्चीवर कोण बसणार हे त्या गृहस्थाच्या अंगच्या गुणांवर ठरत नाही. त्याला कोण नमस्कार करतं यावर ठरतं, आणि त्या नमस्कार करणाऱ्याला किती जण नमस्कार करतात यावर. व्याह्यांनी वाकून नमस्कार केलेल्या म्हाताऱ्याला लगेच सरबत येतं. तो कोण, हे पुष्कळदा पंगती उठल्यावरही कळत नाही. गुगलने हा हिशेब साऱ्या जगाच्या पानांसाठी मांडला.

मानाचा आणि गुणाचा संबंध किती पातळ असतो याचा पुरावा लवकरच मिळाला. २००३ साली अमेरिकेतल्या काही खट्याळ ब्लॉगलेखकांनी ‘दयनीय अपयश’ या अर्थाच्या दोन इंग्रजी शब्दांना दुवा जोडला, तो थेट व्हाइट हाउसच्या संकेतस्थळावरच्या जॉर्ज बुश यांच्या चरित्राचा. थोड्याच दिवसांत ते शब्द शोधले की राष्ट्राध्यक्षांचं अधिकृत चरित्र पहिल्या क्रमांकावर. चरित्रात ते शब्द कुठेच नव्हते; अधिकृत चरित्रांत ते सहसा नसतात. दुसरे तुम्हाला काय म्हणतात त्यावर तुम्ही कशासाठी वर येणार हे ठरतं, एवढाच त्याचा अर्थ. गुगलने हा प्रकार जानेवारी २००७ मध्ये बंद केला, म्हणजे चरित्रनायकांची दुसरी कारकीर्द निम्मी उलटल्यावर.

विकिपीडिया नेहमी वर का, याचंही उत्तर याच हिशेबात आहे. जगात कोणालाही कशाबद्दलही दुवा द्यायचा झाला की हाताशी असतो म्हणून विकिपीडियाचा दिला जातो, म्हणून तो वर. वर असतो म्हणून सापडतो. सापडतो म्हणून पुन्हा त्याचाच दुवा. उलट विकिपीडिया स्वतः बाहेर जे दुवे देतो त्यांवर २००७ पासून ‘हा नमस्कार मोजू नये’ अशा अर्थाची खूण घातलेली असते. आहेर घ्यायचा, करायचा नाही. कारण रास्त होतं. जाहिरातवाले लेखांत घुसून स्वतःच्याच दुकानांचे दुवे पेरून जात. पण ज्या हौशी अभ्यासकाच्या पानावरून लेखातली माहिती आली ते पान खाली आणि त्याचं चार ओळींचं सार वर, हे त्यामुळे रोजचं झालं. १ मे २००३ पासून चालू असलेल्या मराठी विकिपीडियाची गंमत आणखी निराळी. तिथे कष्टाने लिहिलेले उत्तम लेख आहेत. पण दीड ओळीचा लेखही घराण्याच्या नावावर वर येऊन बसतो. ‘अमुक हे महाराष्ट्रातील एक गाव आहे’ एवढं वाचायला मिळतं, आणि गाव महाराष्ट्रातच असल्याची खात्री पटून आपण परत फिरतो.

दुसरा मानकरी यजमानांच्या घरचाच. यूट्यूब गुगलने २००६ साली १६५ कोटी डॉलरना घेतलं. घरच्या माणसाला आपण मुद्दाम पुढे बसवत नाही, असं यजमान सांगतात. ते खरंही असेल. मात्र खरेदीच्या शोधांत स्वतःची तुलना-सेवा वर आणि इतरांची खाली ठेवल्याबद्दल युरोपीय आयोगाने २०१७ साली गुगलला २४२ कोटी युरोंचा दंड केला होता, आणि सात वर्षं कोर्टकचेऱ्या होऊन सप्टेंबर २०२४ मध्ये तो कायम झाला, एवढं या बाबतीत लक्षात ठेवलेलं बरं.

खरी मजा तिसऱ्या वर्गाची. मान मिळत नसेल तर तो विकत घ्यावा किंवा घरी तयार करावा, असं मानणारा हा वर्ग आहे आणि त्यात थोरामोठ्यांची नावं आहेत. जर्मनीतल्या बीएमडब्ल्यूने यंत्रासाठी वेगळी पानं ठेवली होती, त्यांत जुन्या गाड्यांच्या विक्रीचे शब्द खच्चून भरलेले. माणूस आला की त्याला मात्र झटकन दुसऱ्या देखण्या पानावर नेलं जाई. २००६ साली गुगलने ते संकेतस्थळ काही दिवस यादीतूनच काढून टाकलं. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचा पराक्रम त्याहून मोठा. पोशाख शोधा, गालिचे शोधा, अंथरूण-पांघरूण शोधा, वर पेनीच. इतकंच काय, सॅमसोनाइट कंपनीची बॅग शोधली तरी सॅमसोनाइटच्या आधी पेनी. फेब्रुवारी २०११ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने याचा छडा लावला तेव्हा असं दिसलं की पेनीला हजारो ठिकाणांहून नमस्कार येत होते आणि ती ठिकाणं घोरण्यावरची, दातांच्या डॉक्टरांवरची, न्हाणीघराच्या फरशांवरची आणि अणुअभियांत्रिकीवरची होती. अणुअभियांत्रिकीच्या वाचकाला मध्येच फ्रॉक घ्यावासा वाटणं अशक्य नाही. पण इतक्या वाचकांना एकदम वाटणं संशयास्पद आहे. गुगलने कारवाई केली त्या संध्याकाळी बॅगेच्या शोधात पेनी दोन तासांत पहिल्या क्रमांकावरून एकाहत्तराव्यावर आली. कंपनीने हात वर केले आणि आपल्या शोध-सल्लागार संस्थेला नारळ दिला.

मान घरी तयार करण्याचा कारखाना त्याच सुमारास डिमांड मीडिया नावाच्या अमेरिकी कंपनीने काढला होता. लोक काय शोधतात आणि त्या शोधाशेजारी जाहिरात किती रुपयांची लागेल याचा हिशेब संगणक करी आणि विषय ठरवी. मग पंधराएक डॉलरला एक या दराने घरबसल्या लेखक त्यावर लेख पाडत. ‘ईहाउ’ या त्यांच्या संकेतस्थळावर जगातलं काहीही कसं करावं हे सांगितलेलं असे आणि सांगणाऱ्याने ते बहुधा केलेलं नसे. जानेवारी २०११ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात आली तेव्हा पहिल्या दिवशी तिची किंमत न्यूयॉर्क टाइम्सच्या कंपनीपेक्षा जास्त भरली. महिन्याभरात गुगलने ‘पांडा’ नावाचा बदल आणून असल्या पानांना खाली ढकललं. पांडाने कारखाना बसवला, पण कृती फुटली होती. ती आता सगळ्यांना येते, आणि मराठीत तर तिला मोकळं रान आहे.

कारण इंग्रजीत कुठल्याही विषयावर दहाबारा बरी पानं असतात आणि कारखानदाराला त्यांच्याशी झुंजावं लागतं. मराठीत पुष्कळदा एकही नसतं. ओसाड गावी एरंड बळी. जानेवारी उजाडला की ‘मकरसंक्रांत कधी आहे’ हा शोध सुरू होतो. उत्तर एका आकड्याचं, चौदा किंवा पंधरा. भिंतीवरच्या कॅलेंडरात ते एका चौकोनात मावतं. वर येणाऱ्या पानांचा थाट मात्र साधारण असा. मथळा: ‘यंदा मकरसंक्रांत १४ की १५ जानेवारीला? जाणून घ्या योग्य तारीख, शुभ मुहूर्त आणि महत्त्व’. पहिला परिच्छेद सांगतो की हिंदू धर्मात सणांना विशेष महत्त्व आहे. दुसरा सांगतो की सणांमध्ये मकरसंक्रांतीला विशेष महत्त्व आहे. तिसरा सांगतो की यंदा तारखेबाबत लोकांमध्ये संभ्रम आहे, आणि संभ्रम दूर करण्याआधी एक जाहिरात दाखवतो. मग ‘हेही वाचा’ म्हणून काळे कपडे का घालतात हे वाचायचं आमंत्रण. मग तीळ खाण्याचे फायदे. तारीख येते ती सहाव्या परिच्छेदात, पंचांगाच्या हवाल्याने, आणि तिच्या पाठोपाठ टीप: वरील माहिती उपलब्ध स्रोतांवर आधारित असून आम्ही तिला दुजोरा देत नाही. एवढं सगळं वाचून घेतल्यावर दुजोऱ्यालाच नकार!

वास्तविक या प्रश्नाच्या पोटात चांगली गंमत दडलेली आहे. आपली संक्रांत ताऱ्यांच्या हिशेबाने ठरते, इंग्रजी वर्ष ऋतूंच्या हिशेबाने चालतं. दोन वर्षांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक पडतो, म्हणून साधारण सत्तर-बहात्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि त्या दिवशी संक्रांत होती. अलीकडचा चौदा-पंधराचा हेलकावा येतो तो लीप वर्षाच्या चक्रामुळे, आणि सूर्य दिवस मावळल्यावर राशीत शिरला तर पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात म्हणून. चार ओळींत संपणारी ही गोष्ट सांगणारी मराठी पानं नाहीत असं नाही. पण ती ‘जाणून घ्या’ असं ओरडत नाहीत, त्यामुळे तिथवर कोणी पोचत नाही.

निबंधांचंही तसंच. ‘माझा आवडता ऋतू पावसाळा’ शोधावा तर एकाच पानावर तो निबंध दहा ओळींत, शंभर शब्दांत, दोनशे शब्दांत आणि पाचशे शब्दांत असा चार मापांत मिळतो. मथळ्यात ‘पावसाळा निबंध मराठी’, ‘मराठी निबंध पावसाळा’ आणि ‘पावसाळ्यावर निबंध मराठीमध्ये’ अशी तीनही वळणं असतात, कारण चौथीतलं पोर नेमकं कुठल्या क्रमाने टाइप करील याचा भरवसा नाही. शेवटी ‘मित्रांनो, निबंध कसा वाटला ते कमेंट करून नक्की कळवा’. चौथीतल्या मुलाला मित्रांनो म्हणणारा हा लेखक पावसात कधी भिजला होता की नाही, कळायला मार्ग नसतो. शुभेच्छांची पानं आणखी उदार. तिथे वाढदिवसाच्या पाचशेहून अधिक शुभेच्छा आईसाठी, बायकोसाठी, मेहुण्यासाठी आणि बॉससाठी अशा खणाखणांत लावून ठेवलेल्या असतात. प्रेम तेच, नातं तेवढं बदललेलं. आणि सरकारी योजना निघाली की काही विचारू नका. २०२४ साली लाडकी बहीण योजना आली तेव्हा ‘अर्ज कसा करावा’ सांगायला भावांची जी झुंबड उडाली तिला तोड नव्हती. अशा पानावर बारा पायऱ्या असतात आणि पहिली पायरी असते, ‘सर्वप्रथम अधिकृत संकेतस्थळावर जा’. म्हणजे जे सापडत नव्हतं म्हणून बाई इथे आली तिथेच जायला सांगायचं, आणि जाण्याआधी आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये या म्हणायचं.

गुगलचे पक्षकार म्हणतील, यात कंपनीचा काय संबंध? शब्दसंख्येला आम्ही गुण देत नाही असं तिच्या अधिकाऱ्यांनी वारंवार सांगितलं आहे. पांडामागून २०१२ साली विकतच्या दुव्यांवर ‘पेंग्विन’ सोडला. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘उपयुक्त मजकूर’ नावाचा बदल आणला आणि यंत्रासाठी नको, माणसांसाठी लिहा, असं बजावलं. मार्च २०२४ मध्ये घाऊक पाडलेल्या मजकुराला रीतसर गुन्हा ठरवलं. हे सगळं खरं आहे आणि हेतूबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. पण लांबण लावायला गुणांची गरजच नसते. पान जितकं लांब तितक्या जाहिराती मावतात, आणि त्या जाहिराती पुरवणाऱ्यांतला सगळ्यात मोठा व्यापारी खुद्द गुगल. एका हाताने लांबण लावू नका सांगायचं आणि दुसऱ्या हाताने लांबणीचे पैसे मोजायचे, तर लोक कुठल्या हाताकडे बघतील? गंमत म्हणजे हे ओळखणारे पहिले गृहस्थ पेज आणि ब्रिनच. १९९८ च्या ज्या निबंधात त्यांनी आपलं यंत्र जगापुढे मांडलं, त्याच्याच परिशिष्टात लिहून ठेवलं आहे की जाहिरातींवर जगणारं शोधयंत्र मुळातच जाहिरातदारांकडे झुकणार आणि शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. दोन वर्षांत, २००० साली, गुगलने जाहिराती विकायला काढल्या. परिशिष्टं फारसं कोणी वाचत नाही, लेखकसुद्धा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोकांना ही पानं नको असती तर त्यांनी ती उघडलीच नसती. यंत्र फक्त लोकांची पसंती मोजतं. पसंती मोजली जाते हे खरंच. अमेरिकी सरकारने गुगलवर भरलेल्या मक्तेदारीच्या खटल्यात कंपनीच्याच अधिकाऱ्याच्या साक्षीतून बाहेर आलं की कुठल्या निकालावर लोक बोट ठेवतात याचा हिशेब क्रम लावताना वापरला जातो. पण हे बोट कसं पडतं ते पाहिलं पाहिजे. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना गुगलचे निकाल त्यांच्या नकळत उलटेपालटे करून दाखवले, म्हणजे खालचे वर आणि वरचे खाली, आणि त्यांच्या डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. २००७ साली छापून आलेला निष्कर्ष असा की विद्यार्थी तरीही वरच्यालाच धरून राहिले. मजकूर कमी जुळणारा दिसला तरी. म्हणजे वर आहे म्हणून लोक उघडतात, लोक उघडतात म्हणून वर राहतं, आणि याला लोकमत म्हणायचं. त्याच खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये गुगलला बेकायदा मक्तेदार ठरवलं. फोन आणि ब्राउझर उघडताच आपलंच शोधयंत्र समोर यावं म्हणून कंपनीने २०२१ या एका वर्षात २,६३० कोटी डॉलर मोजले होते, हा आकडाही तिथलाच. वरच्या जागेवर लोकांची श्रद्धा किती, हे गुगलइतकं कोणालाच ठाऊक नाही. म्हणून तर ते स्वतःसाठी ती रोखीने घेतं.

तिसरा आक्षेप असा की जाणकारांनी नुसतं कुढत बसू नये, यंत्राला कळेल असं लिहावं. हा आक्षेप बराचसा मान्य करायला हवा. आपल्या जाणकारांनी आणि सरकारी खात्यांनी यंत्रापासून लपण्याची जी कला साधली आहे ती गुप्तहेरांना येत नसेल. कित्येक वर्षं मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टांत टाइप झाला. पडद्यावर तो सुबक मराठी दिसतो. पण आतून अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवलेला असतो. कृतिदेवात ‘मराठी’ असं टाइप केलं की यंत्राला दिसतं ई, जे, के, बी, एच. आता ‘मराठी’ शोधणाऱ्याला ते कसं सापडावं? शासन निर्णयांचं बरं आहे, ते सगळे एका जागी ठेवलेले आहेत. पण प्रत्येक निर्णय एक पीडीएफ, तिचं नाव म्हणजे एक लांबलचक सांकेतांक, आणि आतली भाषा अशी की यंत्राने वाचली तरी ती विचारणाऱ्याच्या प्रश्नाशी जुळू नये. ‘पैसे कधी मिळणार’ असं बाई विचारते. निर्णयात ‘निधी वितरित करण्यास मान्यता’ असते. या दोन वाक्यांच्या मधल्या खिंडीत ‘संपूर्ण माहिती मराठीत’वाला दुकान थाटून बसतो, आणि खरं सांगायचं तर तिथे त्याचा उपयोगही होतो. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी ज्याची उभारणी केली तो मराठी विश्वकोश वीस खंडांचा, तज्ज्ञांनी लिहिलेला, आणि इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवलेला आहे. त्यातल्या नोंदी अधूनमधून निकालांत दिसतात. पण विश्वकोशाची नोंद पहिल्या वाक्यापासून विषयाला हात घालते आणि विषय संपला की थांबते. या धंद्यात ही दोन्ही लक्षणं नुकसानीची.

मात्र जाणकार यंत्रासाठी लिहायला लागले की प्रश्न सुटेल, हे काही पटत नाही. यंत्र जी खूण मागेल ती जाणकार आणेपर्यंत दुसरेच घेऊन हजर होतात. गुगलने निकाल तपासणाऱ्या माणसांसाठी जी मार्गदर्शिका केली आहे तिच्यात लेखकाचं कौशल्य, अधिकार आणि विश्वासार्हता पाहा असं होतं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यात ‘अनुभव’ वाढवला. लिहिणाऱ्याने वस्तू वापरली आहे का, गावी गेला आहे का, दुखणं सोसलं आहे का ते बघा. सूचना उत्तम होती. लगोलग लेखांखाली चौकटी उगवल्या, त्यांत हसरा फोटो आणि दहा वर्षांचा अनुभव. नोव्हेंबर २०२३ मध्ये फ्युचरिझम या संकेतस्थळाने दाखवून दिलं की स्पोर्ट्स इलस्ट्रेटेडसारख्या नावाजलेल्या नियतकालिकाच्या संकेतस्थळावर वस्तूंची परीक्षणं लिहिणारे काही लेखक अस्तित्वातच नव्हते. त्यांतल्या एकाला रानावनांत भटकायची आवड होती असं परिचयात म्हटलेलं. त्याचा फोटो संगणकाने बनवलेले चेहरे विकणाऱ्या दुकानातला निघाला. हे लेख बाहेरच्या कंपनीकडून आले होते, असं प्रकाशकांनी सांगितलं. अनुभव बाहेरून मागवण्याची सोय झाली, एवढं त्यातून सिद्ध झालं.

शेवटी वैतागलेल्या इंग्रजी वाचकांनीच एक तोड काढली. प्रश्नाच्या शेवटी ‘रेडिट’ असा शब्द जोडायचा, म्हणजे लेख वगळून खऱ्या माणसांच्या गप्पा समोर येतात. गुगलने ही वाट ओळखली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिटशी करार झाला; वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरचा, असं बातम्यांत आलं. गप्पा वर चढल्या. त्याच वर्षी मे महिन्यात गुगलने निकालांच्याही वर स्वतःचं यंत्रनिर्मित उत्तर द्यायला सुरुवात केली, आणि पिझ्झ्यावरचं चीज घसरू नये म्हणून काय करावं या प्रश्नावर त्या उत्तराने सुचवलं की सॉसमध्ये थोडा बिनविषारी डिंक मिसळावा. सल्ला रेडिटवरच्या अकरा वर्षांपूर्वीच्या एका थट्टेतून आला होता. थट्टा करणारा खरा माणूस होता, त्याबद्दल वाद नाही.

मराठीत रेडिटवर अजून तेवढी वर्दळ नाही. आपल्या गप्पा फेसबुकवर, क्वोरावर आणि व्हिडिओंखाली चालतात. तिथे केस गळतीवर तेल कुठलं वापरावं असं कोणी विचारलं की पंधरा मिनिटांत एक उत्तर येतं: माझ्या वहिनीने अमुक तेल वापरलं, महिन्यात खूपच छान फरक पडला, लिंक खाली देतोय. खातं उघडून बघावं तर ते गेल्या आठवड्यातलं असतं, आणि वहिनीला तेवढ्या काळात गुडघ्यांवरच्या मलमाने, इन्व्हर्टरच्या बॅटरीने आणि नाशिकच्या एका बिल्डरनेही खूपच छान फरक पडलेला असतो.